मागच्या भिंतीतला भुसा

पक्का? कोण पक्का, मी? ब्रेंडन, सरकारचा माणूस असलास तरी तोंड सांभाळून बोल. माझ्या दारात उभा राहून, माझ्याच चौकटीवर हात ठेवून तू सगळ्या गावाला सांगितलंस, "पूर्ण विटांचा हाय हा. अजून शंभर वर्षं हलायचा नाय." मला विचारलंस? एकदा तरी मागं जाऊन बघितलंस? हातातल्या त्या काचेच्या पाटीवर बोट फिरवलंस, त्यात वीट लिहिलेलं दिसलं, की झाली वीट. आन् मग गाडीत बसून डोंगर उतरूनसुद्धा गेलास. जा. गेलेल्या माणसाशी भांडून मला काय मिळणार हाय.

पण जाताना माझ्या कपाळावर हिरवी पाटी ठोकून गेलास. "वणव्यात शेवटचा आसरा." घर सोडून पळता आलं नाय, रस्ता बंद झाला, तर ह्याच्या आत या. त्या दिवसापासून माझं चित्त ठिकाणावर नाय.

मी दवाखाना बोलतोय. टॅनर्स क्रीक गावाचा. आता मला हॉल म्हणतात, पण मी जन्मलो दवाखाना म्हणून आन् माझ्या मनानं मी दवाखानाच हाय. आठ खाटा, एक ऑपरेशनची खोली, स्वयंपाकघर, पुढं व्हरांडा. सरकारनं बांधलेला.

ग्लेनिस, तुलाच सांगतो आता. तू स्टुलावर चढून पेन्सिलीनं माझ्या पुढच्या भिंतीवर खुणा करतेयस. खाली जमिनीवर ड्रिल ठेवलंयस. माझं तुला ऐकू जाणार नाय ते मला कळतं. बासष्ट वर्षांत माझं कुणी ऐकलेलं नाय. तरी सांगणार. खुणा करून होईस्तोवर सांगणार, कारण नंतर वेळ नाय.

तुझा बाप होता त्यात, म्हणून सांगतो.

दुसरी मोठी लढाई संपून सात वर्षं झाली होती. सरकारच्या अंगात वारं शिरलं होतं तेव्हा. इथं शाळा, तिथं पोलीस ठाणं, मास्तरांना घरं, गावोगाव दवाखाने. माझ्या एकट्याच्या नकाशावर चौदा दवाखाने काढले त्यांनी. चौदा भावंडं आम्ही, सगळ्यांना तोच पिवळसर रंग, तेच हिरवं छप्पर. नकाशे शहरात बसून काढायचे, शिक्का मारायचा, पोस्टानं पाठवायचे. नकाशात सगळं असायचं. गाडीत नसायचं. सिमेंट नाय, खिळे नाय, नळ नाय. सगळं राज्य एकदम बांधायला काढल्यावर दुसरं काय होणार.

माझा मुकादम टुलोक. हर्ब टुलोक. सरकारी बांधकाम खात्याचा माणूस, बसका, मानेवर उन्हाचे फोड, बोलला की शिवीनंच सुरुवात. नऊ गडी घेऊन तंबूत राहायचा. नवांत एक आर्वी होता, लाटव्हियाचा. लढाईत घरदार गेलेला, बावीस वर्षांचा पोरगा. सरकारनं बोटीनं आणलेला, दोन वर्षं सांगू तिथं राबायचं ह्या बोलीवर. गिलाव्याचं काम त्याच्या हाताला होतं. अशी थापी फिरवायचा की भिंत साय आल्यासारखी दिसायची.

अठरा हजार विटा लागणार होत्या मला. पाच हजार आल्या. रस्त्याकडची भिंत आन् धुराडं, एवढ्यातच संपल्या. टुलोकनं पत्र लिहिलं. उत्तर आलं, उरलेल्या विटा दुसरीकडच्या शाळेला दिल्या, आठ महिने थांबा. आन् त्याच पाकिटात दुसरा कागद, मंत्रीसाहेब डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उद्घाटनाला येत हायत.

टुलोकनं दोन्ही कागद आर्वीच्या नाकासमोर धरले. "वाच. तुला वाचता येतं ना? मला सांग, ह्यातलं खरं कोणतं?"

"दोन्हीवर शिक्का हाय, मुकादम."

"तेच तर दुखणं हाय."

तेव्हा तुझा बाप आला. लेस मॅरिनर. लाकडाच्या गिरणीवरून डबा खायला इकडं यायचा रोज, गप्पा मारायला. म्हणाला, "विटा नायत म्हणून रडताय? गावात लाकूड सोडून दुसरं हाय काय? मागं निलगिरीचं रान बघा. पाहिजे तेवढे वासे कापून देतो."

"नकाशात वीट हाय," टुलोक म्हणाला.

"मग वीट दिसू दे. दिसायला काय लागतं?"

असं झालं ते. पुढची भिंत विटांची. बाकीच्या तिन्ही लाकडाच्या. वाश्यांवर जाळी ठोकली, जाळीवर आर्वीनं गिलावा केला, आन् ओला असतानाच पट्टी लावून खिळ्यानं रेघा ओढल्या. वीट, सांधा, वीट, सांधा. तीन आठवडे गुडघ्यावर बसून ओढत होता. वरून रंग मारल्यावर मला स्वतःला कळेना माझी खरी भिंत कोणती.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण माणसं चांगली होती ना. चांगल्या माणसांची हीच खोड, थांबत नाय. डोंगरातली थंडी लागायला लागली. तुझा बाप म्हणाला, "ह्या पोकळ भिंतीत आजारी माणूस गारठून मरेल. गिरणीमागं भुशाचा डोंगर पडलाय, भरा की आत." गिरणीची पंचवीस-तीस माणसं आली रविवारी, पोती खांद्यावर घेऊन. बायकांनी मटणाचे पाव करून आणले. हसत, एकमेकांना चिडवत, माझ्या तिन्ही भिंतींत वरपर्यंत भुसा ठासला. ह्या गावात सगळे तसंच करायचे, घराच्या भिंतीत, बर्फाच्या पेटीत, कोंबड्यांच्या खुराड्यात. भुसा फुकटचा, ऊब चांगली. भुशात चुना कालवायचा असतो, म्हंजे पेट घेत नाय. टुलोकला ते ठाऊक होतं. पण चुना गिलाव्यालाच पुरत नव्हता. "नंतर बघू," म्हणाला. नकाशासुद्धा नंतर दुरुस्त करून पाठवणार होता. काय विटांचं, काय लाकडाचं, सगळं नीट लिहून.

नंतर. तो शब्द ऐकला की माझे पत्रे तापतात.

ऑक्टोबरात तपासणीचा साहेब आला. पाऊस पडत होता, चिखल घोट्यापर्यंत. साहेबाचे बूट नवे. त्यानं हातोडी काढली, पुढच्या भिंतीवर ठोकली, ठक ठक. वीट बोलली. मग त्यानं कोपऱ्यावरून मागं डोकावून बघितलं, चिखल बघितला. तेवढ्यात बायकांच्या मंडळाची एक बाई छत्री घेऊन आली. "साहेब, स्कोनचे गरम पाव गार होतायत. जॅम घरचा हाय."

साहेबानं हातोडी पिशवीत टाकली. चहा झाल्यावर सही केली. "विटांची, समाधानकारक." तो कागद शहरात गेला आन् आजतागायत तिथंच बसलाय. ब्रेंडनच्या काचेच्या पाटीवर जे हाय ना, ते त्या साहेबाचं जॅम लागलेलं अक्षर हाय.

आता मला वाईट म्हणू नकोस. मी खोटा असलो तरी कामाला खरा होतो. अडतीस वर्षं. ह्या भिंतींच्या आत तीनशेच्या वर पोरं जन्माला आली. गिरणीत बोटं तुटलेले आले, साप चावलेले आले, म्हातारे शेवटचं पाणी प्यायला आले. मेट्रन प्रुएट बाई होत्या, उंच, वाळक्या, पायात कायम पांढरे बूट. डॉक्टर आठवड्यातून दोनदा डोंगर चढून यायचा, बाकी पाच दिवस त्याच डॉक्टर. बर्फ पडला की खालच्या गावचे लोक म्हणायचे, तुमच्या दवाखान्यात कसं काय उबदार असतं हो, आमचा तर विटांचा हाय, दात वाजतात. मेट्रन चहा पुढं करायच्या.

मागच्या भिंतीला, उत्तरेच्या, अकरा खुंट्या हायत. त्या अजून हायत, तू परवाच पुसल्यास. तिथं बाप लोकांनी टोप्या अडकवायच्या आन् खाली बाकावर बसायचं. सत्तावन सालात एका दुपारी लेस मॅरिनर तिथं बसला होता. आत डॉट, तुझी आई. तीन तास झाले. लेसनं बसल्या जागी पाठ भिंतीला टेकवली, मग वळून पंजा लावला माझ्यावर. शेजारी बसलेल्याला म्हणाला, "बघ हात लावून. उबदार हाय का नाय? माझ्याच पोत्यातला हाय." आन् तेवढ्यात आतनं तू रडलीस.

तुला हे कुणी सांगितलं नाय. लेस गेला तेव्हा तू बावीस वर्षांची होतीस. सांगण्यासारखं वाटलं नसेल त्याला. भुसाच तर होता.

आता अडुसष्टचं सांगतो. हे सांगताना माझे वासे अजून कुरकुरतात.

फेब्रुवारी होता, आमच्या ह्या दक्षिणेकडच्या देशात ऐन उन्हाळा. उत्तरेचा वारा तीन दिवस सुटलेला, भट्टीच्या तोंडासारखा. वणवा पलीकडच्या डोंगरावर होता, आपल्याकडं आलाच नाय. सगळे म्हणाले वाचलो. पण ठिणग्या येतात ना दोन-दोन कोसावरून, सालीचे तुकडे, जळत. त्यातला एक माझ्या मागच्या भिंतीच्या खालच्या हवेच्या जाळीतनं आत शिरला. बोटाएवढा. पेटला नाय. धुमसला. भुसा तसाच असतो, आरडाओरडा नाय करत. आतल्या आत खात जातो. दोन दिवस मला पोटात ते कळत होतं आन् मी काय करणार. आत सात पेशंट, त्यातल्या दोन बाळंतिणी.

स्वयंपाकाच्या बाईला वास आला. ती म्हणाली, कुणाचं तरी पायपुसणं जळतंय. मेट्रननी भिंतीला हात लावला आन् चटका बसल्यासारखा मागं घेतला. त्यांनी अग्निशमनवाल्यांना बोलावलं नाय. आर्वीला बोलावलं. तो तोवर इथलाच झाला होता, गावात गवंडीकाम करायचा, नुकताच नागरिक झाला होता.

आर्वीनं आतल्या बाजूची खालची फळी उचकटली. आत लाल डोळा दिसला. एक, मग दुसरा. किटलीनं पाणी ओतलं त्यानं, एकवीस किटल्या, स्वयंपाकघरापासून इथपर्यंत धावत. मेट्रन भरून देत होत्या. पेशंटना सांगितलं, नळ फुटलाय.

विझल्यावर आर्वी जमिनीवर बसला, हात काळे.

"बाई, हे कळवायला पाहिजे."

"कुणाला?"

"सरकारला. सगळ्या भिंती अशाच हायत. मीच बांधल्यात."

मेट्रन त्याच्या शेजारी बसल्या, पांढऱ्या कपड्यांनिशी. "कळव. कळवलंस की आठवड्यात ते टाळं लावतील. मग बाळंतपणाला बाई तीस मैल डोंगर उतरून जाणार, लाकडाच्या ट्रकमध्ये बसून. मागच्या हिवाळ्यात त्या रस्त्यावर ट्रक कसा दरीत गेला, विसरलास?"

आर्वीनं उचकटलेली फळी हातात घेतली.

"आन् तुलाही विचारतील, खोट्या विटा कुणी ओढल्या. टुलोक मेला. उरलास तूच."

"माझं जाऊ दे."

"तुझं जाऊ देईन. त्या बायांचं जाऊ देणार नाय. फळी लाव."

त्यानं फळी लावली. मेट्रननी दर उन्हाळ्यात भिंतीभोवती पाण्याच्या बादल्या ठेवायला सुरुवात केली. कुणी विचारलं तर म्हणायच्या, पक्ष्यांसाठी. त्या बाई वाईट होत्या का? मला नाय सांगता येत. त्या खोट्यावर अजून शंभर-दीडशे पोरं जन्माला आली. पण ते खोटं तेव्हा त्यांच्या नजरेखाली होतं. रोज हात लावून बघायच्या. आता कोण लावतंय?

एक्याण्णवला सरकारनंच मला बंद केलं. वीट नाय, लाकूड नाय, कारणच वेगळं, पेशंट कमी. एका सकाळी ट्रक आला, खाटा नेल्या. मेट्रन तोवर वारल्या होत्या. माझ्यात मग गावानं नाच केले, लग्नं केली, मतदान केलं. छपरात पोसम राहायला आले, मांजराएवढी रानातली जनावरं, मुतून मुतून त्यांनी छत सडवलं. आठ वर्षांपूर्वी शहरातनं एक बाई आली, माझी पुढची भिंत बघून खूश झाली. त्या काळच्या सरकारी बांधकामाचा सुंदर नमुना, म्हणाली. मला जुन्या वास्तूंच्या यादीत घातलं. तेव्हापासून माझ्या अंगाला खिळा लावायचा तर कागद लागतो. बारा आठवडे लागतात कागद यायला. बडा घर पोकळ वासा म्हणतात ना, तो मीच. वाशाला हात लावायची परवानगी तेवढी नाय.

आन् भुसा? बासष्ट वर्षांत दबून खाली बसलाय, माणसाच्या कमरेएवढा. पीठ झालंय त्याचं, कोरडं ठणठणीत. वर पोकळी. खाली जळण, वर धुराडं. तू बाई माणूस हायस, चूल कशाला म्हणतात ते तुला मी सांगायला पाहिजे का?

गेल्या महिन्यात पाटी लावायचा कार्यक्रम झाला. सगळं गाव आलं, तेवीस घरं. तू पुढं होतीस, अग्निशमन दलाचा पिवळा कोट घालून. तू कॅप्टन झालीस तेव्हापासून गाव तुझं ऐकतं, तुझ्या आईसकट, आन् डॉट मॅरिनर कुणाचं ऐकणारी नाय. आर्वीलाही आणलं होतं खालच्या म्हाताऱ्यांच्या आश्रमातनं. पंच्याऐंशीचा झालाय. चाकाच्या वॉकरला धरून चालतो, पण डोकं जाग्यावर हाय.

तो भाषण ऐकायला थांबला नाय. सरळ मागच्या भिंतीकडं गेला, बोटाच्या पेरानं ठोकलं. परत आला तेव्हा चेहरा पांढरा.

"पोरा, इथं माणसं नको आणूस," ब्रेंडनला म्हणाला. "ही भिंत लाकडाची हाय. आत भुसा हाय."

ब्रेंडननं काचेच्या पाटीवर बोट फिरवलं. "आजोबा, इथं लिहिलंय बघा, विटांची. त्रेपन्न साल."

"लिहिणाऱ्यानं बघितली नाय. मी बांधली. ह्या रेघा मी ओढल्यात, खिळ्यानं."

"लय सुंदर ओढल्यात हो," ब्रेंडन म्हणाला, आन् दोन-चार जण हसले. वाईट हसले नाय, म्हाताऱ्या माणसाला हसतात तसं.

आर्वी हसला नाय. "ग्लेनिस," म्हणाला, "तुझ्या बापानं भरलाय भुसा. मी त्याला चढायला शिडी धरली होती."

तुझा चेहरा बघितला मी तेव्हा. कार्यक्रम संपल्यावर ब्रेंडनला बाजूला घेतलंस.

"आर्वी काका भ्रमिष्ट नाय," तू म्हणालीस. "भिंत उघडून बघू या."

"काकू, यादीतली इमारत हाय. अर्ज करावा लागेल. फेब्रुवारी उजाडेल."

"फेब्रुवारीत उघडून काय राख बघायची?"

तो हसला. मग म्हणाला, "असं करू. तुम्हाला बोर्ड लावायचाय ना दाराजवळ, कुणी कुठं बसायचं त्याचा? त्याची परवानगी मी आणलीय. चार भोकं, पुढची भिंत. भोक पाडाल तेव्हा पूड बघा. लाल निघाली की वीट. मग तरी झोप लागेल ना?"

"लागेल," तू म्हणालीस.

तिच्यायला. मला त्या क्षणी छप्पर खाली टाकावंसं वाटलं त्याच्या डोक्यावर. तेच. बासष्ट वर्षांनी परत तेच. तो साहेब हातोडी घेऊन आला आन् पुढच्या भिंतीवर ठोकून गेला. आता तू ड्रिल घेऊन आलीस आन् खुणा कुठं करतेयस? पुढच्या भिंतीवर. माझ्या अंगात एकच भिंत खरी हाय, आन् माणसं येतात ती तिलाच विचारायला.

बोर्ड बघितला मी, तू भिंतीला टेकवून ठेवलायस. तेवीस घरांची नावं. तू जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यासुद्धा लावल्यास, कुणी कुठं बसायचं. पोरं मधोमध. ओल्या घोंगड्यांची पेटी स्वयंपाकघरात. आन् म्हातारी माणसं, चाकाच्या खुर्चीतली, खिडक्यांपासून लांब, मागच्या भिंतीला. खुंट्यांखाली. तिथल्या पट्टीवर तू लिहिलंयस, आई.

विचार बरोबर हाय तुझा. काच फुटते, म्हणून खिडकीपासून लांब. कागदाप्रमाणं बरोबर हाय. पण वणवा उत्तरेकडनंच येतो, दर वेळी, त्या वाऱ्यावर बसून. ठिणग्या मागच्या जाळीवर पडणार. आधी काहीच दिसणार नाय. तू दार लावून घेणार, सगळ्यांना मोजणार, तेवीस घरं, म्हणणार आलो एकदाचे आत. डॉट मॅरिनर भिंतीला पाठ टेकवेल, आन् म्हणेल, ऊब लागतेय गं. तिला वाटेल जुनीच ऊब हाय. लेसची.

बाहेर बघ जरा. नोव्हेंबर अर्धा झालाय. ओढा आताच गोट्यांवर आलाय. निलगिरीच्या साली सोलून लोंबतायत, दोरीवर वाळत घातल्यासारख्या. गवत कुरकुरीत. काल रेडिओवर तो माणूस म्हणाला, ह्या उन्हाळ्यात काळजी घ्या. काळजी घ्या म्हणे. मला हात असते तर घेतली असती. मला पाय असते तर ह्या गावातनं उठून चालू लागलो असतो, रानाबाहेर, कुठंतरी उघड्या माळावर जाऊन बसलो असतो, म्हंजे कुणी माझ्या आश्रयाला आलं नसतं.

मला मोडतील म्हणून मी भीत नाय. भोक पाडल्यावर भुसा दिसला तर मला बंद करतील, पाटी काढतील, यादी-बिदी सगळी बोंबलेल. चालेल. अडतीस वर्षं मी माणसं जगवलीत, ती माझ्या पोटात भाजून निघालेली मला बघायची नायत. तुझा पहिला श्वास मी इथं ऐकलाय. तो इथंच थांबलेला ऐकायचा नाय मला.

आता तू स्टुलावरनं उतरलीस. ड्रिल उचललंस. बोटानं टोक तपासतेयस. पेन्सिलीच्या चार खुणा, सरळ रेषेत, तुझ्या बापासारखंच नीट काम. पहिल्या खुणेवर टोक ठेवशील. लाल पूड निघेल. खरी निघेल, मी काय खोटं बोलत नाय, ती भिंत खरीच हाय. तू ती तळहातावर घेशील, बघशील, आन् सुस्कारा सोडशील. आन् तो सुस्कारा ह्या गावाला खाईल.

थांब. मागं वळ.

परवानगी चार भोकांची हाय ना? बोर्ड तीन स्क्रूवर लटकतो. चौथं भोक मला दे. बारा पावलं चाल, मागच्या भिंतीशी, खुंट्यांखाली, जिथं आईचं नाव लिहिलंयस तिथं, कमरेच्या जरा खाली. कुणाला विचारू नकोस, कागद बघू नकोस. टोक लाव आन् दाब. काय गळतं ते हातात घे.

पाड भोक, ग्लेनिस. मागच्या भिंतीत. आत्ता.